कोर्स एडिटर: होल दिसायला झकास, खेळायला सगळे एकसारखे. काय बदलू?

तिरका_ड्राइव्ह

नमस्कार मंडळी. गोल्फच्या गेममधल्या कोर्स एडिटरमध्ये काल्पनिक जागेवर १८ होलचा, पार ७२ चा (म्हणजे ठरलेल्या ७२ फटक्यांचा) कोर्स उभा केलाय. मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) ७,१०० यार्ड. लायडारचा (लेझरने मोजलेल्या खऱ्या जमिनीचा) डेटा वगैरे काही नाही, सपाट प्लॉट घेऊन सगळी जमीन ब्रशने घडवलेली आहे. ड्रोन कॅमेऱ्यातून बघायला मस्त वाटतं. खेळायला घेतलं की तीन गोष्टी खटकतात.

एक, पार ४ चे दहाही होल एकाच साच्यातले वाटतात. ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब), वेज (जवळून उंच मारायचा), दोन पट (ग्रीनवरचे हलके फटके), पुढचा होल. बंकर (वाळूचे खड्डे) भरपूर आहेत, पण त्यांच्यामुळे कुणाला क्लब बदलावासा वाटत नाही.

दोन, ग्रीनला (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला) उतार दिला की चेंडू थांबत नाही आणि नाही दिला की सगळे पट सरळ. ग्रीन स्पीड स्टिंप (ठरावीक वेगाने सोडलेला चेंडू सपाटीवर किती फूट जातो तो आकडा) १२ ला आहे.

तीन, जमीन 'आणून ठेवल्यासारखी' दिसते. विशेषतः ग्रीनच्या आजूबाजूला.

सध्याचे आकडे: फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) सगळीकडे ३० यार्ड रुंद, टीपासून २७० यार्डांवर दोन्ही बाजूंना बंकर, ग्रीन गोलसर, ३० यार्ड व्यासाचे, प्रत्येकाला पुढे डावी-उजवीकडे एकेक बंकर. पार ४ ची लांबी ४०० ते ४४०. सुरुवात कुठून करू?

ग्रीनपासून_मागे

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. दोन्ही बाजूंना सारखे बंकर आणि पुढे गोल ग्रीन म्हटल्यावर फेअरवेचा मध्य हीच कायम सर्वांत चांगली जागा ठरते. मग खेळाडूने विचार कशाचा करायचा? फक्त सरळ मारायचं.

होल ग्रीनकडून मागे आखत या. टी सगळ्यांत शेवटी.

ग्रीन लांबट घ्या, समजा ३४ बाय १८ यार्ड, आणि त्याचा लांब अक्ष खेळाच्या रेषेशी ३० अंशांत तिरका करा, पुढचं टोक उजवीकडे, मागचं डावीकडे. डाव्या पुढच्या कुशीत एक बंकर. उजवीकडचा बंकर काढून टाका, तिथे कापलेलं गवत ठेवा, म्हणजे चेंडू घरंगळत आत जाऊ शकेल. आता या ग्रीनवर उजवीकडून येणाऱ्याला अक्षाच्या जवळची दिशा मिळते, डावीकडून येणाऱ्याला बंकरवरून आडवं मारावं लागतं. म्हणून फेअरवेवरचा बंकर उजवीकडे टाकायचा, जिथे खेळाडूला जावंसं वाटतं तिथेच. तोसुद्धा आडवा नाही, तिरका: आतलं टोक २५५ वर, बाहेरचं २८५ वर. जितकं उजवीकडे जायचं तितका जास्त कॅरी (चेंडूने हवेतून पार करायचं अंतर).

आता रुंदी. इथे बहुतेकांचं गणित फसतं. १४० यार्ड अंतर उरलंय आणि फेअरवे ३० यार्डांचा आहे, तर डाव्या आणि उजव्या कडेच्या चेंडूंत फार तर २४ यार्डांचं अंतर. म्हणजे जेमतेम १० अंशांचा फरक. एवढ्याने काही होत नाही. फेअरवे ५० यार्डांचा केला की ४० यार्डांचं अंतर मिळतं, १६ अंश. वरच्या ग्रीनवर उजवीकडून आलं तर मध्यातून साधारण २९ यार्ड खोली मिळते, डावीकडून २४. पाचच यार्ड! म्हणजे नुसता कोन पुरेसा नाही. त्याला बंकर हवा आणि ग्रीनचा उतार डावीकडून येणाऱ्याच्या विरोधात हवा. शिवाय ग्रीनची फर्मनेस (कडकपणा) 'सॉफ्ट' वर असेल तर सगळं फुकट. वेज कुठूनही मारला तरी जागेवर चिकटतो. मध्यमच्या एक पायरी वर ठेवा.

लांबीसुद्धा मोडा. दहा पार ४ पैकी दोन ३१० ते ३३५, दोन ४७० च्या पुढे, उरलेले मध्ये विखुरलेले. छोट्या पार ४ साठी लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा कोर्सचा १० वा होल नीट बघा. साधारण ३१५ यार्ड, ग्रीन अरुंद आणि तिरकं. थेट ग्रीनवर मारता येतं, पण चुकलं तर पुढचा फटका अवघड. डावीकडे लेअप केला (मुद्दाम आखूड मारलं) तर ग्रीनचा लांब अक्ष समोर येतो. पाणी नाही, झाडांची भिंत नाही. नुसत्या ग्रीनच्या आकाराने एवढा घोळ घातलाय.

आणि हो, पुढच्या टीचं विसरू नका. २७० चा बंकर २२० कॅरी करणाऱ्याच्या खिजगणतीत नसतो. पुढची टी त्या बंकरच्या हिशोबाने ५० यार्ड पुढे आणा, म्हणजे त्यालाही तोच प्रश्न पडेल. कार्डावरची गोल संख्या बघून टी लावू नका.

स्टिंप_बारा

दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो, कारण यात अंदाजाने ब्रश फिरवण्यापेक्षा आकडेमोड केलेली बरी.

स्टिंपमीटरवरून (ग्रीनचा वेग मोजायच्या तिरक्या पट्टीवरून) चेंडू सेकंदाला साधारण १.८३ मीटर वेगाने सुटतो. सपाट जागी १२ फूट गेला तर स्टिंप १२. यावरून गवत चेंडूला किती अडवतं ते काढता येतं आणि कुठल्या उतारावर काय होईल तेही. स्टिंप १२ वर उताराच्या दिशेने मारलेला चेंडू, सपाटीवर तेवढ्याच जोरात मारलेल्या चेंडूच्या तुलनेत, किती लांब जातो:

१ टक्का: १.२ पट अंतर
२ टक्के: १.४ पट
३ टक्के: १.८५ पट
४ टक्के: २.६ पट
५ टक्के: चौपटीहून जास्त
६.५ टक्क्यांपुढे: थांबतच नाही

टप्पा बघा. ३ पर्यंत सगळं सुरळीत, ४ ला अवघड, ५ ला हाताबाहेर. स्टिंप १० केला तर 'थांबतच नाही' ची हद्द ७.८ टक्क्यांवर जाते, स्टिंप १३ ला ती ६ वर येते. तुम्ही उतार वाढवत गेलात आणि स्पीड १२ च ठेवलात, म्हणून 'एक तर सरळ, नाही तर थांबत नाही' असं वाटतंय. मधला पट्टा फार अरुंद आहे. उताराचे ग्रीन हवे असतील तर स्पीड १० किंवा साडेदहाला आणा. जुन्या लिंक्स कोर्सवरच्या ग्रीनमध्ये एवढे उंचवटे चालतात, कारण तिथला स्पीडही बेताचा असतो. हे गणित खऱ्या गवताचं आहे, गेमचं इंजिन थोडं इकडेतिकडे करतं. तेव्हा आधी एका सपाट चाचणी-ग्रीनवर ३ टक्क्यांचा पट्टा करून चेंडू सोडून बघा.

प्रत्यक्ष ब्रश चालवताना टक्के दिसत नाहीत, उंची दिसते. ३० यार्ड लांब ग्रीनला २ टक्के म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण पावणेदोन फूट. लोक सर्रास चार-पाच फूट उचलतात, कारण ड्रोनमधून दोन फूट दिसतच नाहीत.

पिनच्या (भोक आणि झेंड्याच्या) जागा आधी ठरवा, उंचवटे मागाहून. प्रत्येक पिनभोवती निदान ६ फूट व्यासाचं वर्तुळ, त्यात उतार २ टक्क्यांच्या आत आणि एकाच दिशेला. कडेपासून निदान चार पावलं आत. चार पिन असतील तर चौघांनी वेगवेगळा प्रश्न विचारला पाहिजे, एक पुढे सोपी, एक बंकरमागे, एक वरच्या टप्प्यावर, एक अशी की चेंडू उतारावर टाकून तिकडे वळवावा लागेल.

दोन टप्प्यांच्या ग्रीनबद्दल एक गोष्ट. १५ फुटांत दीड फूट चढ म्हणजे १० टक्के. स्टिंप १२ वर वरच्या कडेवरून नुसता ढळलेला चेंडूही पायथ्यापासून ८ फूट पुढे जातो, स्टिंप १० वर ४ फूट. म्हणून खालच्या टप्प्यावरची पिन पायथ्याला ८ फुटांच्या आत लावली तर वरून येणाऱ्याला तिथे थांबणं अशक्य, कितीही हळू मारा. पिन १२ ते १५ फूट लांब न्या. हे एकच दुरुस्त केलं तरी 'ग्रीन अन्यायकारक आहेत' या तक्रारी अर्ध्या होतील.

माती_कालवा

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. तिसऱ्याबद्दल लिहितो.

'आणून ठेवल्यासारखं' दिसतं ते जोडामुळे. ग्रीन ३ फूट उचललं आणि तो चढ ५ यार्डांत संपवला तर २० टक्क्यांचा कठडा होतो. तेच ३ फूट ३० यार्डांत सोडले तर ३ टक्के, आणि ग्रीन जमिनीतूनच उगवल्यासारखं वाटतं. फ्लॅटन (सपाट करणारं) टूल सर्वांत घातक. ते वापरलं की भोवती वर्तुळाकार पायरी राहते, आणि स्मूद मारला की पायरी जाते पण वर्तुळ तसंच राहतं. टी सोडून कुठेच वापरू नका.

क्रम असा ठेवा. स्प्लाइन (एडिटरमध्ये फेअरवे-ग्रीनची हद्द आखणारी रेघ) काढण्याआधी जमीन. पहिल्यांदा २०० ते ३०० यार्डांचा ब्रश, ताकद अगदी कमी, २० ते ४० फुटांचे चढउतार. याच वेळी पाणी कुठे जाणार ते ठरवा: प्लॉटवर एक सर्वांत खोल जागा हवी आणि बाकी सगळं कुठून ना कुठून तिकडे उतरायला हवं. तळं टेकडीच्या माथ्यावर असलं की बघणाऱ्याला का खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. मग ४० ते ६० यार्डांचा ब्रश, ३ ते ६ फूट, फेअरवेतल्या लाटांसाठी. इथवर आल्यावर होल कुठे बसतात ते शोधा आणि स्प्लाइन टाका. १० ते १५ यार्डांचा ब्रश सगळ्यांत शेवटी, तोही ग्रीन आणि बंकरच्या आसपासच, काही इंचांच्या कामाला.

एकाच ब्रशने एकाच जागी टेकडी उभी केली की तिचा माथा आणि पायथा ठरावीक आकाराचे होतात, दहा टेकड्या दहा जुळ्या. तीन-चार वेगवेगळ्या आकारांचे फटकारे एकमेकांवर चढवा, मग एका बाजूने थोडं खाली ओढा. एक बाजू तीव्र, दुसरी लांबट.

बंकर खड्डा वाटतो कारण सपाट जमिनीत खणलाय. टीवर उभं राहून डोळ्यांची उंची साडेपाच फूट, बंकर २७० यार्डांवर, म्हणजे नजर जमिनीला अर्ध्या अंशाहूनही कमी कोनात येते. सपाट बंकरमधली वाळू दिसणारच नाही. टीकडे तोंड असलेला चढ शोधा आणि त्याच्या पोटात बंकर कोरा: तळ पुढच्या कडेच्या जेमतेम फूटभर खाली, मागची कड ३ ते ४ फूट वर, वाळू त्या चढावर चढवलेली. 'उकरलेली' माती मागच्या कडेवरच टाका. खेळाडूला जे टीवरून दिसतं त्याचाच तो विचार करतो. म्हणून ड्रोन बंद करा आणि प्रत्येक बदल टीच्या कॅमेऱ्यातून तपासा.

फेअरवेच्या कडा वळवळतात कारण पॉइंट जास्त टाकले जातात. ३५ ते ४० यार्डांना एक पुरे.

झाडं: तीन-चार जाती, त्यातली एक ठळकपणे जास्त. आकार ८० ते १२० टक्क्यांत बदलता ठेवा, प्रत्येक झाड फिरवा, पुंजक्यांत लावा, मधे मोकळी जागा सोडा. ऑटो-प्लांट ओळीत लावतं ते अर्धं पुसून काढा. खेळाच्या रेषेपासून ६० यार्डांपलीकडे महागडी मॉडेल लावून ऑब्जेक्टची मर्यादा उडवू नका, शेवटच्या तीन होलांना काही उरत नाही.

वारा_बदललाय

'ग्रीनपासून_मागे' यांच्या ५० यार्डांबद्दल जरा वेगळं मत. अठराही होल ५० यार्डांचे केलेत तर तोही साचाच, फक्त रुंद. पाच-सहा होल असे मोकळे ठेवा, बाकीचे ३० ते ३५, दोन-तीन तर २५ चे, पण तिथे ड्रायव्हर बाजूला ठेवून लोखंडी क्लब घ्यायला जागा असू द्या. आणि मोकळ्या फेअरवेच्या बाहेर लगेच जाड रफ (उंच वाढवलेलं गवत) लावू नका, नाही तर रुंदी दिली तो हेतूच मारला जातो.

शिवाय कुणी दिशेबद्दल बोललं नाही. एडिटरमध्ये वाऱ्याची एक मुख्य दिशा असते. तुमचे होल एकामागोमाग वर-खाली, वर-खाली असे समांतर असतील, तर वारा एक तर समोरून, नाही तर पाठीमागून, एवढंच. स्कॉटलंडमधल्या म्युअरफिल्ड कोर्सची आखणी बघा: पहिले नऊ बाहेरच्या कडेने घड्याळाच्या दिशेने, मागचे नऊ आतून उलट दिशेने. वारा सतत कुशी बदलतो. निदान चारही पार ३ चार वेगळ्या दिशांना करा. लांबीही १३५, १६५, १९०, २१५ अशी पसरलेली. उंचीचा हिशोब धरा: १० यार्ड खाली असलेलं ग्रीन साधारण १० यार्ड जवळचं खेळतं. १६५ चा होल ३० फूट उतारावर ठेवला तर तो १५५ झाला, मग तो १३५ वाल्याचा भाऊबंदच की.

तिरका_ड्राइव्ह

मनापासून आभार. स्पीड १०.५ केला, गोल ग्रीन सगळे मोडले. पिनच्या जागा आधी ठरवल्या की ग्रीन आपोआप घडतं, हे फारच उपयोगी.

एक अडचण: १९० च्या पार ३ साठी रीडान (तिरक्या, मागे उतरत्या ग्रीनचा प्रसिद्ध नमुना) घ्यायचा प्रयत्न चालू आहे. ग्रीन ३८ बाय २०, अक्ष ४५ अंश, पुढून उजवीकडून मागे डावीकडे सलग ४ टक्के उतार, डावीकडे खोल बंकर. पण काहीही मारा, चेंडू मागून बाहेर जातो. टप्पा ग्रीनच्या आधी पाडला तर उजवीकडेच अडकतो. स्पीड आणखी कमी करू?

स्टिंप_बारा

स्पीडला हात लावू नका, उतार सलग ठेवलाय तिथे चूक आहे. साडेदहाच्या स्पीडला ४ टक्क्यांवर चेंडू सपाटीच्या दुपटीहून जास्त पळतो, आणि इथे तो आधीच १९० यार्डांवरून वेग घेऊन आलेला असतो. ३८ यार्ड त्याला पुरत नाहीत.

मूळ रीडान म्हणजे स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सचा १५ वा. अमेरिकेतल्या नॅशनल गोल्फ लिंक्सवर कोर्स-रचनाकार सी. बी. मॅक्डॉनल्ड यांनी तो ४ थ्या होलला घेतला. दोन्हीचा गाभा एकच: पुढच्या उजव्या खांद्यावर टप्पा पडतो, तिथून चेंडू डावीकडे वळतो आणि ग्रीनच्या अंगाने पळत पिनपाशी जातो. तुमच्याकडे पळण्याची सोय आहे, वळवणारा खांदा नाही आणि थांबवणारा शेवट नाही.

खांदा: ग्रीनच्या पुढच्या उजव्या टोकाबाहेर, ग्रीनला लागून १२ ते १५ यार्डांचा पट्टा, उतार ६ ते ८ टक्के, डावीकडे मागे झुकलेला. तो फेअरवेच्या गवताचा हवा. रफ असेल तर चेंडू तिथेच बसतो, तुमचा अडकतोय तो यामुळेच. स्प्लाइन तपासा, बहुतेक तिथे ग्रीनभोवतीची रफची पट्टी आपोआप आलेली असेल.

ग्रीन: पहिले १३ यार्ड ३ टक्के, पुढचे १७ यार्ड दीड टक्का, शेवटचे ८ सपाट. एकूण पडझड जेमतेम २ फूट. शेवटच्या तुकड्याला हवं तर अर्धा टक्का उलटा चढ द्या, जास्त नको. मागे भिंत उभी केली तर प्रत्येक जोराचा फटका वाचतो आणि होल बोथट होतो. जोरात मारलेला चेंडू मागे गेलाच पाहिजे, फक्त तिथून चिप (छोटा फटका) करता येईल असं कापलेलं गवत ठेवा.

बंकरचा तळ ग्रीनच्या ५ ते ६ फूट खाली, आणि त्याची कड ग्रीनच्या अक्षाला समांतर. हे झाल्यावर मागच्या डाव्या पिनला तीन चेंडू मारून बघा: एक थेट बंकरवरून उंच, एक खांद्यावर, एक खांद्याच्या उजवीकडे चुकलेला. पहिला क्वचितच थांबायला हवा, दुसरा पिनच्या १५ ते २० फुटांत, तिसरा ग्रीनच्या पुढच्या तुकड्यावर लांब पट शिल्लक ठेवून. दुसरा मागे पळत असेल तर खांद्याचा उतार टक्क्याटक्क्याने कमी करा. ग्रीनला हात लावू नका.

ग्रीनपासून_मागे

एवढंच जोडतो: टीची उंची ग्रीनइतकी किंवा थोडी खाली ठेवा. वरून खाली मारायचा रीडान केला तर चेंडू सरळ वरून पडतो, खांद्यावरून पळतच नाही. आणि त्या होलच्या टीवरून खांदा दिसला पाहिजे, निदान त्याचा वरचा काठ.